हातांनी दिलेली घोषणा

बहिऱ्या आईबापांच्या पोटी ऐकू येणारं मूल जन्माला आलं की घरात त्याची बडबड कुणी ऐकत नाही, आणि घराबाहेर त्याला बडबड केल्याशिवाय कुणी सोडत नाही. चिमणीचं तसंच झालं. घरमालक, डॉक्टर, वीज तोडायला आलेला माणूस, या सगळ्यांशी आईबापांच्या वतीने भांडायचं काम तिच्याकडे आलं तेव्हा तिला स्वतःचं नाक नीट पुसता येत नव्हतं. चिमणी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. बहिऱ्यांमध्ये प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं. ओठांपाशी दोन बोटांची चोच करून ती उघडमीट करायची, ही तिची खूण. धाकट्या भावाची खूण म्हणजे टाळूवर बोट गरगर फिरवणं, कारण त्याच्या डोक्यात केसांचे दोन भोवरे होते. म्हणून तो भोवरा. तो आईबापांसारखाच जन्मापासून बहिरा होता.

पुढे तेच चिमणीचं पोट भरायचं साधन झालं. ती दुभाषी झाली. दवाखान्यात, न्यायालयात, बँकेत, जिथे बहिरा माणूस अडेल तिथे तिला बोलावणं यायचं. या कामाचा नियम सोपा आणि कठीण आहे. समोरचा जे म्हणेल ते, जसं म्हणेल तसं बोलायचं. तो कुजबुजला तर कुजबुजायचं, तो खेकसला तर खेकसायचं. पदरचं काही घालायचं नाही आणि त्याचं काही गिळायचं नाही. एकदा घटस्फोटाच्या खटल्यात तिने नवऱ्याच्या वतीने बायकोला आणि बायकोच्या वतीने नवऱ्याला एका दमात शिव्या घातल्या होत्या, आणि मग त्याच दोघांबरोबर बाहेर उभी राहून चहा प्यायली होती. असं करता करता हाताकडे डोळा गेला की तोंड आपोआप सुटायचं. डोकं मागून यायचं.

भोवरा बहिऱ्यांच्या शाळेत सुतारकाम शिकवायचा. शाळा जुनी होती, पण मोक्याच्या जागी होती, आणि मोक्याची जागा मुलांच्या हाती फार दिवस राहू देत नाहीत. शेजारी सरकारने मोठं सभागृह बांधलं. बांधून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की गाड्या लावायला जागाच नाही. मग शाळा गावाबाहेर हलवायची असं ठरलं. नवी इमारत कुठे आहे, असं विचारलं की अधिकारी नकाशावर बोट ठेवायचे. त्या बोटाखाली एक तळं होतं.

सभागृहाच्या उद्घाटनाला देशातले सर्वांत मोठे नेते येणार होते. अपंगांसाठी एक योजनाही तेव्हाच जाहीर व्हायची होती, म्हणून पुढच्या दोन रांगा बहिऱ्यांना दिल्या होत्या. कॅमेऱ्यात ते बरं दिसतं. आणि व्यासपीठावर कोपऱ्यात उभं राहून नेत्यांचं भाषण खुणांत सांगायचं काम चिमणीला मिळालं होतं.

आदल्या दिवशी दुपारी भोवऱ्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेत मांडला. आई कांदा चिरत होती. बहिऱ्या घरात कांदा चिरताना गप्पा मारता येत नाहीत, हात आणि डोळे दोन्ही कामात असतात, म्हणून तिने सुरी खाली ठेवली.

"नेत्यांच्या आसपास घोषणा द्यायला बंदी आहे," भोवरा म्हणाला. म्हणाला म्हणजे हातांनीच. "फलक नाही, काळं कापड नाही. निषेध करायचा असेल तर गोदामांच्या मागचं मैदान दिलंय. तिथून ओरडणाऱ्याचा आवाज निदान वाऱ्याबरोबर तरी येईल. माझे हात येतील का? मला तर समोरच उभं राहायला हवं. मी दिसलो नाही तर मी बोललोच नाही."

"मग?"

"मग आम्ही समोरच बसलोय की! त्यांनीच बसवलंय. भाषण चालू असताना सगळे एकदम बोलणार. शाळा आमची आहे, हलवू नका, खोटं बोलू नका. एवढंच. नेत्याला कळणार नाही, पोलिसांना कळणार नाही. मागे बसलेला एकजण फोनवर सगळं टिपेल. घरी आल्यावर खाली अक्षरं घालू आणि जगभर पाठवू."

"आणि पकडलं तर?" चिमणीने विचारलं. "गुन्हा नोंदला तर दुसऱ्या दिवशी नोकरी जाईल तुझी. हे हात दाखवून अवलक्षण आहे."

"पकडतील कशाला? आमची भाषा कळणारी तिथे तू एकटी." त्याने तिच्याकडे बोट रोखलं. "म्हणून तुला सांगतोय. तू आमच्याकडे बघू नकोस. तुझ्या नेत्याकडे बघ, आणि तोंड उघडू नकोस."

चिमणीने ओठांना कुलूप लावून किल्ली खिडकीबाहेर फेकल्याची खूण केली. आई खोखो हसली. "हिच्या तोंडाला कुलूप?" ती म्हणाली. "जन्मले तेव्हापासून वाट बघतेय मी." जन्मली चिमणी होती, पण आईच्या हिशेबात त्या दोघी एकदमच जन्मल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या दारात चिमणीलाच अडवलं. दुभाष्यांनी काळे कपडे घालायची पद्धत आहे, म्हणजे हात उठून दिसतात. तिच्या अंगात काळा सदरा होता.

"काळं चालणार नाही," दारावरची पोलीसबाई म्हणाली.

"अहो, हा माझ्या कामाचा गणवेश आहे."

"असेल हो. उद्या तुम्ही तो काढून फडकवलात म्हणजे?"

"भर सभेत सदरा काढून फडकवीन, असं वाटतं का तुम्हाला माझ्याकडे बघून?"

"वाटायचं काही नाही. काळं चालणार नाही."

शेवटी कुणीतरी स्वयंसेवकांच्या गठ्ठ्यातला पिवळा सदरा आणून दिला. त्यावर छातीभर नेत्यांचा हसरा चेहरा छापला होता. म्हणजे आता चिमणी जे काही बोलणार ते नेत्यांच्या नाकासमोर बोलणार होती. तिने तो घातला आणि मनातल्या मनात शिव्या घालत व्यासपीठावर गेली. तिच्यामागून बहिऱ्यांच्या रांगा आत येत होत्या. पेनं काढून घेतली, पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या, एका म्हाताऱ्याची काळी छत्री काढून घेतली. "हात रिकामे आहेत ना?" पोलीसबाई प्रत्येकाला विचारत होती, आणि ते सगळे तिला दोन्ही तळवे प्रामाणिकपणे दाखवत होते.

भाषण सुरू झालं. चिमणीचे हात चालू लागले. नेते चांगले बोलत होते, हे कबूल करायला हवं. त्यांच्या बोलण्यात पूर्णविराम कुठे येणार हे आधीच कळायचं, आणि दुभाष्याला असा वक्ता म्हणजे पर्वणी. "ज्यांना आवाज नाही," ते म्हणाले, "त्यांचा आवाज मी होईन!" चिमणीने ते खुणांत सांगितलं तेव्हा पहिल्या रांगेत आईच्या खांद्यांनी एक उसळी मारली. आई हसू दाबत होती.

मग ते शाळेवर आले. "एकाही मुलाला जागा सोडावी लागणार नाही," असं म्हणाले. चिमणीने तेही सांगितलं. आणि भोवऱ्याने हात वर केले.

तिने बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण दोन रांगा एकदम बोलायला लागल्या तर न बघणार कशी? मोठे हात होते ते, खांद्यांपासून फेकलेले, म्हणजे बहिऱ्यांचं ओरडणंच. एका तालात, पुन्हा पुन्हा. चिमणीने ओठ दाबून धरले आणि नजर नेत्यांच्या चपलांवर रोवली.

नेते थांबले. त्यांना वाटलं, कौतुक चाललंय. तसं वाटायला त्यांची हरकत कधीच नसायची. ते हसले आणि ध्वनिक्षेपकातच म्हणाले, "वा! काय म्हणतायत ही आपली मंडळी? सांगा ना ताई, सगळ्यांना ऐकू द्या." कुणीतरी धावत येऊन चिमणीच्या तोंडासमोर माइक धरला.

तिने मान वर केली, हात दिसले, आणि तोंड सुटलं.

"शाळा आमची आहे! हलवू नका! खोटं बोलू नका!"

कुजबुजून नव्हे. जसं ते म्हणत होते तसं, ठणाणा. सभागृहातल्या प्रत्येक भिंतीवरच्या भोंग्यातून ते बाहेर पडलं, आवारात गेलं, रस्त्यावर गेलं. नेत्यांच्या तोंडावर खोटं बोलू नका असं म्हणायची हिंमत त्या गावात आजवर कुणाची झाली नव्हती, आणि झाली तेव्हा ती नेत्यांचाच चेहरा छातीवर घेतलेल्या बाईची झाली. आता डोकं तोंडाच्या मागून धावत आलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सभागृह गप्प झालं. बहिऱ्यांना शांतता ऐकू येत नाही, पण माना वळताना दिसतात. हात हळूहळू खाली आले. साध्या कपड्यातला एक पोलीस अधिकारी व्यासपीठाच्या कडेला आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "हे कुणाचं काम? कोण बोललं हे?"

दोन रांगा बोलल्या होत्या. चिमणीने म्हणायचं होतं, सगळे. म्हणायचं होतं, मला माहीत नाही. कानांवर हात ठेवायचे होते. पण तिने काही म्हणायच्या आधीच तिचे डोळे भोवऱ्याकडे गेले. दुभाषी नेहमी बोलणाऱ्याकडे बघते. ज्याचं बोलणं आपण बोललो, त्याच्याकडे. अधिकाऱ्याने तिच्या नजरेमागून नजर नेली आणि दोन माणसांना खूण केली.

भोवऱ्याला उचलताना त्यांनी पहिल्यांदा त्याचे हात धरले. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण दोन्ही मनगटं दोघांच्या मुठीत होती. बहिऱ्या माणसाच्या बाबतीत तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो. मागच्या रांगेतला फोनसुद्धा त्यांनी काढून घेतला.

गर्दी पांगल्यावर आई तिला आवारात भेटली. चिमणीने "माझ्या तोंडून निघून गेलं" असं सांगायला सुरुवात केली. आईने तिचे हात मध्येच खाली दाबले.

"तोंडाचं मला काय ठाऊक?" आई म्हणाली. "मला ते कधी ऐकू आलंय? मी तुझे डोळे बघितले. तू त्याच्याकडे पाहिलंस."

तोंडाची चूक चिमणीला स्वतःला माफ करता आली असती. त्याला सवय म्हणता आली असती, पेशा म्हणता आलं असतं. डोळ्यांचं काय म्हणायचं?

"त्याला घरी आण," आई म्हणाली. "कसंही कर. पण आण."

पोलीस ठाण्यातून चिमणीला बोलावणं आलं ते आरोपीची बहीण म्हणून नव्हे, दुभाषी म्हणून. गावात दुसरं कुणी नव्हतंच. तिने आत गेल्या गेल्या सांगून टाकलं, "तो माझा सख्खा भाऊ आहे. मी दुभाषी म्हणून बसणं बरोबर नाही."

"मग तर बरंच झालं," अधिकारी म्हणाला. तो सकाळचाच होता, आता गणवेशात. "जरा समजावून सांगता येईल. बसा."

खोली लहान होती. टेबल, तीन खुर्च्या, भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट, आणि मिनिटाला थरथरणारा एक फोन. दर थरथरीला अधिकाऱ्याच्या कपाळावर एक आठी वाढत होती. भोवरा समोर बसला होता. मनगटं चोळत होता, पण चेहऱ्यावर भीती नव्हती. चिमणीला बघून तो हसला. तिला वाटलं होतं तो तोंड फिरवेल. त्यापेक्षा हे जड गेलं.

"माझं चुकलं," तिने खाली, टेबलाच्या कडेआड हात हलवून सांगितलं.

"आधी मलाही राग आला," तो म्हणाला. "मग मी त्या नेत्याचा चेहरा पाहिला. हसता हसता उतरला ना? उतरला की नाही? आजवर माझ्या बोलण्याने असं कुणाचं तोंड उतरलं नव्हतं. ते त्याच्यापर्यंत पोचलं. बेत माझा मूर्खपणाचा होता, चिमणे. समोर बसून त्याला कळणारच नाही असं बोलायचं, त्यात काय मोठं?"

"काय चाललंय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"चौकशी करतेय, लागलंय का म्हणून," चिमणी म्हणाली. हे त्या दिवसातलं पहिलं खोटं, आणि ते अगदी सहज निघालं.

अधिकाऱ्याने खुर्ची पुढे ओढली. "हे बघा मॅडम, मी सरळ बोलतो. बंदी आहे घोषणेला. ह्याने तोंडातून चकार शब्द काढलेला नाही. शब्द काढलात तुम्ही. ह्याच्यावर गुन्हा टाकला तर वकील मला विचारणार, घोषणा दिली कुणी? तुमच्यावर टाकला तर विचारणार, नेत्यांनी स्वतः माइक दिला होता ना? माझी दोन्हीकडून पंचाईत. आणि वरून सारखं विचारतायत की नक्की काय होतं ते." फोन पुन्हा थरथरला. त्याने तो पालथा घातला. "आता तुम्हीच सांगा. गडबड होती, दिवे डोळ्यांवर होते, एवढी माणसं एकदम हातवारे करत होती. समजण्यात चूक होऊ शकते. होते की नाही?"

"माझी होत नाही," चिमणी फटकन म्हणाली.

"बघा बुवा. चूक झाली असेल तर मी आत्ता सोडतो त्याला. नसेल तर गुन्हा नोंदतो. मग शाळेला कळवणं आलं. तिथे नोकरीला आहे ना हा? सरकारी पगारावर?" तो हे धमकी म्हणून बोलत नव्हता. बस चुकल्यावर पुढची कधी आहे ते सांगावं तसं सांगत होता. "विचारा त्याला. साहेबांना खोटं बोलू नका असं म्हणाला का तो?"

चिमणीने विचारलं. नेमकं, एकही शब्द न बदलता.

भोवरा खुर्चीत सरळ बसला. हात उचलण्याआधी त्याने ते मांडीवर पुसले. शाळेत पाहुण्यांसमोर बोलताना तो असाच पुसायचा.

"सांग त्याला, हो, मी म्हणालो. पुन्हा म्हणेन. सांग, त्या शाळेत मी चारचौघांत बोलायला शिकलो. घरी मला बोलायला तुम्ही तरी होता. बाकीची पोरं पहिल्या दिवशी तिथे येतात तेव्हा त्यांना स्वतःचं नावसुद्धा नसतं. ते नाव त्यांना आम्ही देतो. तळ्यावर नेऊन सोडलं तर कोण येईल तिथे? नोकरी गेली तर मी कपाटं बनवीन. पण हे लिहून घे म्हणावं. मी काय म्हणालो, असं आज पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय." आणि शेवटी तिच्याकडे बघून, हात लहान करून म्हणाला, "चिमणे, नीट सांग."

तो थांबला. अधिकारी चिमणीकडे बघायला लागला.

ती बोलायच्या तयारीत होती, हे खरं आहे. पहिला शब्द ओठांपर्यंत आला होता. पण या वेळी डोकं मागे राहिलं नव्हतं, या वेळी ते पुढे येऊन बसलं होतं. सकाळी नको तेव्हा बोललो, आता तरी शहाणपण करू, असं ते म्हणत होतं. आणि त्यामागे आईचे हात होते. कसंही कर, पण आण.

"तो म्हणतोय," चिमणी म्हणाली, "की त्या टाळ्या होत्या."

"टाळ्या?"

"बहिऱ्यांना टाळ्या ऐकू येत नाहीत. म्हणून ते हात वर करून हलवतात. असे." तिने दोन्ही हात वर करून पंजे थरथरवले. "ते सगळे टाळ्या वाजवत होते. माझा गोंधळ झाला. शाळेचं प्रकरण डोक्यात होतं, भाऊ तिथे नोकरीला, घरात सारखा तोच विषय. मीच भलतंच बोलून गेले. चूक माझी आहे."

"एवढं सगळं बोलला तो, आणि एवढंच?"

"आमची भाषा लांबण लावते," चिमणी म्हणाली.

अधिकाऱ्याने असा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. "बघा! मी म्हणत नव्हतो?" त्याने लगेच लिहायला घेतलं, तिची सही घेतली, फोन सुलटा केला आणि कुणाला तरी उभं राहून सांगितलं, "नाही सर, टाळ्याच होत्या. हो सर, टाळ्या. दुभाषीबाईंनी लेखी दिलंय." सही करताना चिमणीचा हात जराही कापला नाही. तिला स्वतःची शरम वाटली ती नेमकी त्याची. इतकं सोपं असतं होय हे? इतकी वर्षं कुठल्या नियमाचा टेंभा मिरवत होतो आपण?

भोवरा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. आपण एवढं बोललो आणि बहिणीचं बोलणं इतक्यात संपलं, हे त्याला दिसलं होतंच. अधिकारी उठला, टेबल ओलांडून आला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. मग मोठ्या मायेने त्याने आपले दोन्ही हात वर केले आणि भोवऱ्याच्या तोंडासमोर पंजे थरथरवले.

भोवऱ्याच्या चेहऱ्यावरचं सगळं गेलं. त्याने चिमणीकडे पाहिलं. ती दाराकडे चालायला लागली होती.

बाहेर पायऱ्यांवर दुपारचं ऊन होतं. एक हवालदार सावली बघून भिंतीला टेकला होता. भोवऱ्याने खालच्या पायरीवर चिमणीला दंड धरून वळवलं.

"त्याने टाळ्या का वाजवल्या?"

तिने सांगितलं. त्याच्याशी खोटं बोलायला तिचे हात वळलेच नाहीत. एकूण एक सांगितलं, सहीसकट.

तो सावकाश म्हणाला, "म्हणजे आता आम्ही सगळे त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होतो. तो छत्रीवाला म्हातारा, आई, दोन्ही रांगा."

"तुझी नोकरी वाचली. तू सुटलास. आई..."

"नोकरी माझी होती. गेली असती तर माझी गेली असती." त्याच्या हातांतले शब्द आता तुटत होते. "काल तुला म्हटलं होतं बोलू नकोस, तरी सकाळी तू बोललीस. मी काही म्हणालो का? आत तुला म्हटलं, नीट सांग. एकदाच म्हटलं. आता उद्या फोन परत मिळाला, आम्ही ते सगळीकडे दाखवलं, तरी लोक काय म्हणतील? यांच्याच दुभाषीने लिहून दिलंय, टाळ्या होत्या. यांचीच बहीण. यांचीच मुलगी. हे त्या पोलिसाला जमलं नसतं, चिमणे. त्या नेत्यालासुद्धा जमलं नसतं. त्यांना आमचं बोलणं खोडायचं तर आधी ते कळायला हवं."

चिमणीला वाटलं होतं, तो रागावेल आणि ती समजूत घालेल. पण तो म्हणत होता ते खरं होतं. तिने आत बसून ते ओळखलं होतं, आणि ओळखूनही केलं होतं.

"परत आत जा," तो म्हणाला. "खरं सांगून ये. मी इथे थांबतो."

चिमणीने वर दाराकडे पाहिलं. पायऱ्या थोड्याच होत्या. आत अधिकारी फोनवर हसत होता, ते तिला ऐकू येत होतं. ती आत गेली असती तर तो भला माणूस पुन्हा कपाळावर आठ्या घालून खुर्ची ओढून बसला असता, आणि तिने एक वाक्य बोलायचं होतं. एकच. तिचा पाय उचलला नाही. तिला आई दिसत होती, पगाराचं रिकामं पाकीट दिसत होतं, कोठडी दिसत होती, आणि या सगळ्याच्या आडून स्वतःची भीतीही दिसत होती. सकाळपासून ती भावासाठी भीत होती असं समजत होती. त्यातली बरीचशी भीती स्वतःसाठी होती.

ती तशीच उभी राहिली. भोवऱ्याने तिचं उभं राहणं पाहिलं, पुरेसं पाहिलं, आणि डोळे मिटले.

ऐकू येणाऱ्यांच्या भांडणात माणूस तोंड फिरवून गेला तरी मागून चार शब्द त्याच्या कानावर घालता येतात. बहिऱ्याने डोळे मिटले की संपलं. चिमणीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात ठेवला की बघायचं, ही त्यांच्यातली रीत. त्याने डोळे उघडले नाहीत. ती त्याच्या मिटल्या डोळ्यांसमोर बोलत राहिली. छातीवर मूठ फिरवून, पुन्हा पुन्हा, मोठ्या हातांनी.

भिंतीला टेकलेल्या हवालदाराला करमणूक झाली. "काय म्हणताय हो त्यांना मॅडम?" त्याने विचारलं.

"माफ कर म्हणतेय."

"मग?"

"ऐकत नाहीये."

"अहो, बहिरा माणूस तो," हवालदार हसत म्हणाला, "ऐकणार कसा?"

हा विनोद चिमणी कळायला लागल्यापासून ऐकत आली होती, आणि करणाऱ्याची खरडपट्टी काढल्याशिवाय तिने आजवर एकालाही सोडलं नव्हतं. आज ती काही बोलली नाही. खाली मान घालून ती भावाने डोळे उघडायची वाट बघत राहिली.